आतल्या पानावरच्या चार ओळी

दिवाळी अंकासाठी ‘काहीतरी खेळकर’ पाठवा, असे संपादकांचे पत्र आले तेव्हा मी एका मरणाच्या गोष्टीत अडकून पडलो होतो आणि अजूनही तिच्यातून पुरता सुटलेलो नाही. तेव्हा वाचकांची आरंभीच क्षमा मागतो. फराळाचे ताट बाजूला सारून हे वाचा, असे मी म्हणणार नाही. ताट जवळच असू द्या. ज्या चित्रपटाविषयी लिहायला बसलो आहे, त्यातली माणसेही ते मरण पुढ्यात ताटे घेऊनच पाहत होती.

गेल्या मे महिन्याच्या सुटीत माझा पुतण्या चार दिवस आमच्याकडे राहायला आला. पुण्यात नोकरी करतो, आणि शनिवार उजाडला की पाठीला सॅक लावून सह्याद्रीतल्या कुठल्या तरी कड्याला लोंबकळायला जातो. “काका, तुम्ही गोष्टी लिहिता ना? मग ही बघाच,” असे म्हणून त्याने माजघरात लॅपटॉप मांडला. चित्रपटाचे नाव ‘नॉर्डवांड’. भाषा जर्मन, साल २००८, दिग्दर्शक फिलिप श्टोल्त्सल. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. जर्मन भाषेचा गंध नाही, आणि पडद्याच्या तळाशी धावणारी इंग्रजी अक्षरे माझ्या डोळ्यांपेक्षा चपळ. मी मागे पडलो की पुतण्या चित्र थांबवून अर्थ सांगे. दुसऱ्या तासात मात्र थांबवावे लागलेच नाही. तोवर पडद्यावर दोर, बर्फ आणि चेहरे एवढेच उरले होते.

‘नॉर्डवांड’ म्हणजे उत्तरेकडची भिंत. स्वित्झर्लंडमधल्या आयगर या शिखराची ही बाजू. शिखर ३,९६७ मीटर उंच आहे. त्यातली ही भिंतच सुमारे १,८०० मीटरची. आपले कळसूबाई समुद्रसपाटीपासून मोजले तरी १,६४६ मीटर भरते, यावरून अंदाज यावा. १९३५ साली झेडलमायर आणि मेरिंगर हे दोन जर्मन तरुण या भिंतीवर गेले आणि तिथेच गारठून मेले. तेव्हापासून जर्मन वर्तमानपत्रे एक अक्षर बदलून तिला ‘मॉर्डवांड’ म्हणू लागली. खुनी भिंत! वर्तमानपत्रांना असला शब्द सापडला की त्यांची महिनाभराची ददात मिटते.

पण या भिंतीचे खरे वैचित्र्य तिच्या उंचीत नाही. तिच्या समोर, क्लाइने शायडेक या खिंडीत, ऐसपैस हॉटेल आहे. त्याच्या सज्जात दुर्बिणी लावलेल्या असत. एखादा गिर्यारोहक भिंतीवर जीव मुठीत घेऊन रात्र काढत असताना, समोर कॉफीचा पेला हाती घेतलेले प्रवासी त्याला न्याहाळू शकत. एवढ्यावरच भागत नाही. १९१२ साली युंगफ्राउयोखपर्यंत पोहोचलेली डोंगरी रेल्वे याच आयगरच्या पोटातून जाते. तिच्या बोगद्याला भिंतीत उघडणारे एक दार आहे. म्हणजे अंगावरून हिमाच्या लोटा वाहत आहेत, आणि शेजारी दगडाच्या आत तिकीट काढलेली मंडळी उबेत बसून चालली आहेत. कादंबरीकाराने असली जागा कल्पनेने रचली असती तर टीकाकारांनी त्याला ‘कृत्रिम’ म्हणून झोडपला असता.

चित्रपटाची कथा १९३६च्या जुलै महिन्यातली आहे आणि तिचा सांगाडा सर्वस्वी खरा आहे. टोनी कुर्त्स वय वर्षे तेवीस, आंद्रेआस हिंटरश्टॉइसर एकवीस. दोघेही बव्हेरियाचे, दोघेही जर्मन सैन्याच्या पहाडी पलटणीतले. भिंतीवर त्यांना एडी रायनर आणि विली आंगरर हे दोन ऑस्ट्रियन भेटले आणि दोहोंच्या जोड्या एक झाल्या. एका गुळगुळीत कातळावरून आडवे जायला वाट नव्हती. हिंटरश्टॉइसर दोरावर झोका घेत पलीकडे पोहोचला. मागून सगळे त्याच दोराच्या आधाराने आले. पुढे लागेल म्हणून त्यांनी तो दोर काढून घेतला. परतीचे दार त्यांनी आपल्याच हातांनी लावून घेतले! वरून आलेल्या दगडाने आंगरर जखमी झाला. बरेच वर चढल्यावर त्याला घेऊन चौघेही माघारी वळले. तोवर त्या कातळावर बर्फाची काच चढली होती. दोराशिवाय तो ओलांडता येईना. मग सरळ खाली उतरण्याखेरीज मार्ग उरला नाही. २१ जुलैला हिमाचा लोट आला. तिघे गेले. कुर्त्स एकटा दोराला टांगलेला राहिला, रात्रभर, एका हाताचा मोजा हरवलेला.

दुसऱ्या दिवशी वाटाडे बोगद्याच्या दारातून त्याच्या खाली येऊन पोहोचले. त्यांचा दोर वर जाईना; कुर्त्सला आपल्याजवळचा काहीतरी खाली सोडायला हवा होता. गोठून लाकूड झालेल्या हाताने ते काम होण्यासारखे नव्हते. त्याने उरलेल्या हाताने आणि दातांनी दोराचे पीळ उकलले, ते एकास एक जोडले आणि खाली सोडले. याला सुमारे पाच तास लागले. वाटाड्यांनी त्याला नवा दोर बांधून दिला. तो अपुरा पडतो असे दिसताच त्याला दुसरा गाठला. कुर्त्स उतरू लागला. आणि ती गाठ त्याच्या कमरेजवळच्या कॅरॅबिनरच्या कडीत अडकली. कडीतून दोर जाई, गाठ जाईना. बुटांना लावलेले पोलादी काटे खालच्या माणसाने आईस-अॅक्स उंचावली तर टेकतील, इतका तो जवळ आला होता. तिथे त्याने आता होत नाही असे सांगितले आणि मान टाकली.

चित्रपटात ती गाठ कडीत अडकली तेव्हा आमची सौभाग्यवती उठून स्वयंपाकघरात गेली. भांडी आधीच घासून झाली होती, तरी ती पुन्हा घासल्याचा आवाज आला.

आता रसग्रहणाकडे वळतो. दिग्दर्शकाने पहिली गोष्ट उत्तम केली आहे ती ही की, त्याने पर्वताला देखणा केलेला नाही. जर्मनीत पर्वतपटांची जुनी परंपरा आहे. आर्नोल्ड फांकने १९२०च्या दशकात ती उभी केली; सोनेरी कडा असलेले ढग, शिखरावर उभा एकाकी वीर, आणि खाली क्षुद्र जग, असा तिचा थाट. फांकच्या चित्रपटांची नायिका लेनी रीफेनश्टाल हिनेच पुढे १९३५ साली हिटलरच्या मेळाव्याचा बोलपट काढला, आणि ढगांतून उतरणारा वीर म्हणून साक्षात हिटलरलाच दाखवले. क्राकाउअर या चिकित्सकाने १९४७ साली या दोहोंतले नाते उलगडून दाखवले होते. असल्या कलंकित घराण्यात जन्म घेऊन पर्वतपट काढायचा, तर पाऊल जपूनच टाकावे लागते. श्टोल्त्सलच्या चित्रपटात लोकरीचे मोजे ओले होतात, सुकत नाहीत. तागाचा दोर भिजून गजासारखा होतो. खिळ्यावर हातोडीचा घाव बसतो तो कानात बसतो. या चित्रपटाच्या छायाचित्रणाला आणि ध्वनीला २००९ साली जर्मनीचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, ते योग्यच झाले. बेन्नो फ्यूरमानचा टोनी आणि फ्लोरियान लुकासचा आंदी हे दोघे अर्ध्या चित्रपटानंतर नट वाटतच नाहीत. थंडीने त्यांच्या चेहऱ्यावरचा अभिनय पुसून टाकला आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे हॉटेल. चित्रपट भिंतीवरून एकदम भोजनगृहात येतो. इकडे फुटलेले ओठ, तिकडे पांढरे शुभ्र टेबलपोस. इकडे दातांनी दोर, तिकडे काट्याचमच्यांचा नाजूक आवाज. पहिल्या दोन वेळी हा विरोध अंगावर येतो. पाचव्या-सहाव्या वेळी मात्र दिग्दर्शक आपल्याला कोपराने ढोसतो आहे असे वाटू लागते. आम्हा शिक्षकांचीही हीच खोड! मुलांना समजले आहे हे दिसत असतानाही आम्ही फळ्यावर तेच पुन्हा लिहितो.

परंतु या हॉटेलात एक माणूस आहे आणि त्याच्यासाठी मी दिग्दर्शकाचे सगळे कोपर माफ करायला तयार आहे. बर्लिनच्या वर्तमानपत्राचा वार्ताहर हेन्री आराउ. उलरिख टुकुर या नटाने तो विलक्षण सभ्यपणे उभा केला आहे. हा हलकट माणूस नाही. सुसंस्कृत आहे, मद्याची पारख असलेला, तरुण सहकारिणीशी अदबीने वागणारा. ऑलिंपिकचे साल आहे. बर्लिनमध्ये १ ऑगस्टला ज्योत पेटायची आहे. १९३१ साली मॅटरहॉर्नची उत्तरभिंत चढणाऱ्या श्मिड बंधूंना पुढच्याच वर्षीच्या ऑलिंपिकमध्ये पदक मिळालेले होते. तेव्हा आयगर जर्मन पोरांनी सर करावा, तोही याच उन्हाळ्यात, ही राज्याची इच्छा आहे. आणि राज्याची इच्छा हीच बातमी आहे.

चित्रपटात चौघे माघारी वळतात तेव्हा आराउ सामान आवरू लागतो. त्याचे म्हणणे साधे आहे. विजय झाला तर छापता येतो, भीषण मरण आले तर तेही छापता येते. पण पोरे सुखरूप खाली आली तर ती आतल्या पानावरच्या चार ओळींची गोष्ट. यात तो खोटे काय बोलला? प्रचार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कर्णे आणि खोट्या बातम्या येतात. आराउ एकही खोटी बातमी देत नाही. कशाला मोठा टाइप आणि कशाला बारीक, एवढेच तो ठरवतो. आणि ते एकदा ठरले, की भिंतीवरच्या पोरालाही खाली उतरणे कमीपणाचे वाटू लागते. संबंध चित्रपटात मला सर्वांत भयंकर वाटलेला क्षण हिमाच्या लोटाचा नाही. आराउ बॅग बंद करतो, तो.

मोठ्या टाइपाची वेळ पुढे आलीच. २४ जुलै १९३८ला हेकमायर, फ्योर्ग, कास्पारेक आणि हारर हे चौघे याच भिंतीवरून शिखरावर पोहोचले. दोघे जर्मन, दोघे ऑस्ट्रियन. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला होता. एका दोराला बांधलेले दोन देशांचे चौघे! आराउच्या जातीच्या माणसाला याहून काय हवे? ब्रेस्लाऊला हिटलरच्या शेजारी त्यांना उभे केले, छायाचित्रे निघाली, आणि नाझी पक्षाच्याच प्रकाशनसंस्थेने त्यांच्या नावावर पुस्तक काढले. त्यांचे चढणे खरेच होते, अतिशय थोर होते. ते कुणाच्या पदरी पडले, एवढाच प्रश्न.

त्यातल्या हारर या गृहस्थाचा आमच्या मुलखाशीही संबंध आला, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. १९३९ साली नंगा पर्वताची पाहणी आटोपून तो कराचीला आला आणि महायुद्धाने त्याला तिथे गाठले. शत्रुदेशाचा म्हणून इंग्रजांनी त्याला पकडले आणि प्रथम ठेवले ते आमच्या नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, छावणीत. पुढे देवळाली, मग डेहराडून. तिथून १९४४ साली निसटून तो तिबेटात गेला आणि त्यावर त्याने जगप्रसिद्ध पुस्तक लिहिले. तो हिटलरच्या एस. एस. संघटनेचा सभासद होता, ही गोष्ट मात्र सर्वांपुढे आली ती १९९७ साली. ती त्याने स्वतः कधी मोठ्या टाइपात लिहिली नव्हती. असो.

आता माझ्या तक्रारी. श्टोल्त्सलने कुर्त्स आणि हिंटरश्टॉइसर यांना राजकारणापासून धुऊन स्वच्छ केले आहे. ते साधेभोळे, पलटणीत संडास घासणारे, फक्त पर्वतावर प्रेम करणारे. आणि नाझी वारा लागलेला आहे तो बिचाऱ्या ऑस्ट्रियन जोडीला. ही वाटणी मला फार सोयीची वाटते. तेवीस वर्षांचा मुलगा उत्तम गिर्यारोहक असतो, मित्रासाठी जीव देणारा असतो, आणि त्याच वेळी भोवतालच्या गर्जनेने थोडाफार भारावलेलाही असू शकतो. तसा दाखवला असता तर आपण त्याच्यासाठी कमी हळहळलो असतो काय? मला नाही वाटत. पण दिग्दर्शकाला ती भीती वाटली.

दुसरी तक्रार मोठी आहे. चित्रपटात लुइझे नावाची एक तरुणी आहे. टोनीची बालमैत्रीण, आराउच्या हाताखाली शिकणारी छायाचित्रकार. योहाना वोकालेकने काम जीव ओतून केले आहे. पण ही लुइझे वाटाड्यांपुढे पदर पसरते, बोगद्याच्या दारातून कड्यावर जाते, वादळात टोनीला हाका मारते. इतिहासात त्या कड्यावर कुणी लुइझे नव्हती. तिथे होते ग्रिंडेलवाल्डकडचे वाटाडे. त्या भिंतीवर कुणाच्या सुटकेसाठी जाण्याची त्यांच्यावर सक्ती नव्हती. असल्या धाडसाविषयी त्यांना आदरही नव्हता. तरी ते गेले, संध्याकाळी अंधारामुळे परत फिरले, कुर्त्सच्या किंकाळ्या ऐकत फिरले, आणि पहाटे पुन्हा गेले. प्रेयसीने विनवले म्हणून ते गेले नाहीत. कुणी न विनवता गेले. लुइझेला कड्यावर आणून दिग्दर्शकाने त्या माणसांच्या हातातले त्यांचे एकमेव धन काढून घेतले आहे.

हे लिहिताना माझा हात जरा अडखळतो. कारण हे पाप मी स्वतः केलेले आहे.

माझी पहिली कादंबरी बेचाळीसच्या चळवळीवर होती. आमच्या भागातल्या एका बाजारगावी गोळीबारात एक पंधरा वर्षांचा मुलगा मेला, एवढी हकीकत मला ठाऊक होती. मी त्याच्या हाती झेंडा दिला. तोंडी घोषणा घातली. गोळी लागल्यावर तो आईला उद्देशून चार वाक्ये बोलतो, असे एक पान लिहिले. वाचकांची पत्रे आली ती त्या पानाविषयीच. दरवर्षी पंधरा ऑगस्टला शाळेतली एखादी चुणचुणीत मुलगी तेच पान पाठ म्हणून दाखवी, आणि मी मागच्या रांगेत उभा राहून डोळे पुशी.

एका दुपारी शाळेत एक ऐंशीच्या घरातल्या आजी नातवाचा हात धरून आल्या. त्या मुलाची ही धाकटी बहीण. पुस्तक त्यांनी नातवाकडून वाचून घेतले होते. म्हणाल्या, “मास्तर, पोर वाचून दाखवतं तेव्हा रडू येतं बघा. पण दादा घोषणा देत नव्हता. आईनं त्याला पावशेर गूळ आणायला धाडलं होतं. सणाचा गूळ. तुमच्या पुस्तकातला आहे ना, तो कुणी दुसराच आहे.” रागावलेल्या नव्हत्या. चहाही घेतला. जाताना नातवाला म्हणाल्या, “गुरुजींच्या पाया पड.”

पंधरा वर्षांचा मुलगा गुळाची पुडी घेऊन येताना गोळीने मेला, हे मला लिहिता आले नसते असे नाही. मला ते पुरेसे वाटले नाही. मीही आराउसारखाच, त्याला पहिल्या पानावर नेला. ती कादंबरी पुन्हा छापली गेली नाही. माझ्या प्रतीत मी ते पान पेन्सिलीने खोडून ठेवले आहे. त्या जागी काय लिहायचे ते अद्याप लिहिलेले नाही.

म्हणून श्टोल्त्सलला मी न्यायाधीशाच्या खुर्चीतून बोलत नाही. त्याने शेवटी लुइझेला न्यूयॉर्कला नेऊन छायाचित्रकार केले आहे. जर्मनी सोडलेली, स्वतःच्या डोळ्यांनी माणसे पाहणारी. आराउला दिलेले हे उत्तर असावे. मला ते थोडे घाईने चिकटवलेले वाटले. त्याऐवजी दिग्दर्शकाने आणखी पाच मिनिटे आल्बर्ट फॉन आल्मेनकडे लक्ष दिले असते तर?

हा आल्मेन त्या डोंगरी रेल्वेचा साधा नोकर. २१ जुलैला दुपारी तो बोगद्याच्या दारातून बाहेर डोकावला आणि त्याने वर हाक मारली. चौघांनीही आनंदाने ओ दिली. खाली येतो आहोत, सर्व ठीक आहे असे कळवले. आल्मेन आत गेला आणि त्याने पाहुण्यांसाठी चहाचे आधण ठेवले. बराच वेळ कुणी आले नाही म्हणून तो पुन्हा बाहेर आला, तेव्हा वरून एकट्या कुर्त्सचा आक्रोश ऐकू आला. आयगरच्या इतिहासात ही हकीकत नमूद आहे, पुतण्याने मला सांगितली. ती मी घरात सांगितली तेव्हा सौभाग्यवतीने एवढेच विचारले, “मग त्या चहाचं काय झालं?”

मला उत्तर देता आले नाही. पण चित्रपट पाहून झाल्यावर इतक्या दिवसांत माझ्या मनात रेंगाळले आहे ते भिंतीवरचे नाट्य नव्हे, तो चहा. सर्व ठीक आहे, असे ऐकून आत गेलेल्या त्या माणसाला पर्वतही जिंकायचा नव्हता आणि बातमीही द्यायची नव्हती. चौघे येणार आहेत, थंडीने कुडकुडत असतील, एवढेच त्याच्या डोक्यात होते.

चित्रपट जरूर पाहावा. लहान मुलांना मात्र शेवटचा अर्धा तास दाखवू नये. त्याची ताकद लुइझेमुळे कमी होते खरी, पण संपत नाही. गाठ कडीत अडकते तिथे कुठलीही प्रेयसी आड येऊ शकत नाही.

पुतण्या परत जायला निघाला त्या दिवशी मी सहज विचारले, “काय रे, गेल्या ऑक्टोबरात तू लिंगाण्याला जाणार होतास. काही बोलला नाहीस त्याचं?”

“गेलो होतो की. अर्ध्यातून परत आलो. कातळ ओला होता, धुकंही उतरलं. एकाचा पाय सारखा सटकत होता.”

“मग सांगितलं नाहीस ते?”

“त्यात काय सांगायचं, काका?” तो बुटाची नाडी बांधत म्हणाला.

मी त्याची सॅक उतरवून ठेवली, पुढची एस. टी. धरायला सांगितले, आणि कुठल्या टप्प्यावरून परत फिरले, परतायचे पहिल्यांदा कोण म्हणाले, शेवटी दोर कुणी गोळा केला, ते सगळे त्याच्याकडून बसून ऐकून घेतले.